काळ्या पडद्यावरचे टपाल : ठाणे, कल्याण-डोंबिवली आणि ‘पाइन’चे दिवस

१/
१५ ऑगस्ट १९९५. विदेश संचार निगम लिमिटेड, म्हणजेच व्हीएसएनएल, या सरकारी कंपनीने त्या दिवशी भारतातील सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले. ही तारीख अनेकांना पाठ असते. मात्र पुढच्या दोन-चार वर्षांत घरोघरी जे इंटरनेट पोहोचले ते सगळ्यांना सारखे मिळाले नाही, हे सहसा सांगितले जात नाही. ज्यांनी त्याची स्वस्त आवृत्ती घेतली त्यांच्या पडद्यावर चित्र नव्हते, माउसचा बाण नव्हता. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे, चोवीस ओळी, आणि तळाशी कळांची दोन ओळींची यादी. त्या अक्षरांतून टपाल वाचण्याचे जे साधन होते त्याचे नाव ‘पाइन’. हा धागा त्या साधनाचा, ते चालू ठेवण्यासाठी कराव्या लागलेल्या खटपटींचा, आणि त्यातून लिहिल्या गेलेल्या पत्रांचे पुढे काय झाले याचा.

२/
आधी थोडे मागे जावे लागेल. १९९५ च्या आधीही मुंबई परिसरात ई-मेल होता. फक्त तो विकत मिळत नव्हता. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साह्याने १९८६ मध्ये ‘अर्नेट’ हे शिक्षण-संशोधन जाळे हाती घेतले. पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, जुहूची राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान संस्था (एनसीएसटी) आणि खुद्द इलेक्ट्रॉनिक्स विभाग असे त्याचे आठ मानकरी. जुहूच्या संस्थेचे संचालक डॉ. श्रीनिवासन रामाणी हे या कामाचे एक सूत्रधार; २०१४ मध्ये त्यांचा ‘इंटरनेट हॉल ऑफ फेम’मध्ये समावेश झाला. देशातील अगदी आरंभीचे ई-मेल जुहू आणि पवई यांच्यामध्ये साध्या टेलिफोन लाइनवरून गेले. पवईहून ठाणे हाकेच्या अंतरावर. पण ठाण्यातल्या घरात हे टपाल यायला आणखी जवळपास दहा वर्षे लागली.

३/
त्या काळी पत्र एका यंत्राकडून दुसऱ्याकडे टप्प्याटप्प्याने जाई. एक संगणक दुसऱ्याला फोन करी, साठलेली पत्रे ओती, त्याच्याकडची उचली आणि फोन ठेवी. पत्त्यातही हे टप्पे लिहावे लागत: आधी अमेरिकेतले ‘यूयूनेट’, मग उद्गारचिन्ह, मग जुहूचा ‘शक्ती’ नावाचा संगणक, पुन्हा उद्गारचिन्ह, आणि शेवटी माणसाचे नाव. मराठेशाहीत पत्रे पोहोचवणारे कासीद किंवा जासूद मजल-दरमजल करीत जात. त्यांच्या मजला पत्त्यातच लिहून दिल्या असत्या, तर जसे दिसले असते तसे हे. १९८९ मध्ये जुहूहून यूयूनेटपर्यंत ९,६०० बिट प्रति सेकंद या वेगाची कायमची लाइन आली. आजच्या एका छायाचित्राला ती तासभर पुरली नसती. तेव्हा साऱ्या देशातील संशोधकांचे परदेशी टपाल तिच्यावरून चाले.

४/
याच सुमारास, १९८९ मध्ये, सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात पाइनचे काम सुरू झाले. त्याआधी ‘एल्म’ नावाचा प्रोग्राम प्रचलित होता आणि तो संगणकाच्या जाणकारांना आवडे. विद्यापीठाच्या कार्यालयात काम करणाऱ्यांना, ग्रंथपालांना, संगणकाशी वैर असलेल्या प्राध्यापकांना चालेल असे काहीतरी हवे होते. म्हणून पाइनमध्ये प्रत्येक पडद्याच्या तळाशी ‘आत्ता काय करता येईल’ याची यादी कायम दिसे. पत्र लिहायचे तर सी, आलेल्या पत्रांची सूची पाहायची तर आय, पत्त्यांच्या वहीसाठी ए, बाहेर पडायचे तर क्यू. लिहून झाले की कंट्रोल आणि एक्स दाबले की पत्र रवाना. पाठांतर नको, पुस्तिका नको. लोकांसाठी पाइन १९९२ मध्ये खुला झाला, आणि तीन वर्षांनी भारतात जेव्हा गरज पडली तेव्हा तो तयार होता.

५/
आता पैशांकडे. व्हीएसएनएलच्या आरंभीच्या दरपत्रकात व्यक्तिगत व्यावसायिकाला वर्षाला ५,००० रुपये मोजावे लागत, आणि त्यात मिळत २५० तास. म्हणजे ताशी २० रुपये, फोनचे बिल वेगळे. कंपन्यांचे दर याच्या कितीतरी पट. विद्यार्थ्यांसाठी पुढे एक योजना आली: ५०० रुपयांत ५०० तास. ताशी एक रुपया! अट एकच, की हे ‘शेल’ खाते असेल. त्यात केवळ अक्षरे दिसतील. डोंबिवलीतल्या मध्यमवर्गीय घरातल्या मुलाला इंटरनेट मिळाले ते बहुधा या अटीच्या दारातून.

६/
शेल खाते म्हणजे काय, हे आज समजावून सांगावे लागते. तेव्हाचे पत्र ग्राहकाच्या घरी येतच नसे. ते मुंबईतल्या व्हीएसएनएलच्या संगणकावर, ‘जीआयएएसबीएम०१’ अशा काहीशा नावाच्या यंत्रावर पडून राही. घरचा संगणक मॉडेममधून फोन लावून त्या यंत्राचा दूरचा कळफलक आणि दूरचा पडदा एवढाच बने. पाइन चाले तो मुंबईत. डोंबिवलीत दिसे त्याचे प्रतिबिंब. पत्र लिहिताना दाबलेली प्रत्येक कळ मुंबईला जाई आणि तिचे अक्षर परत येऊन पडद्यावर उमटे. जुन्या पेढीतल्या कारकुनाला दाराबाहेरून मजकूर सांगावा आणि त्याने आत बसून वहीत उतरवावा, तसा हा व्यवहार.

७/
आणि इथे भूगोल मध्ये येतो. १८५३ मध्ये बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्यापर्यंत आली, आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोहोचले. रेल्वेच्या दृष्टीने ठाणे, डोंबिवली, कल्याण ही एकाच माळेतली स्थानके. टेलिफोनचा नकाशा मात्र निराळ्या हाताने काढलेला होता. १९८६ मध्ये स्थापन झालेल्या महानगर टेलिफोन निगमच्या मुंबई क्षेत्रात ठाणे आले. त्याचा संकेतांक मुंबईचाच, ०२२. खाडी आणि पारसिकचा बोगदा ओलांडून पुढे गेले की कल्याण-डोंबिवली दूरसंचार विभागाच्या कल्याण जिल्ह्यात, संकेतांक ०२५१. तो कारभार १ ऑक्टोबर २००० पासून बीएसएनएलकडे गेला.

८/
म्हणजे ठाण्यातल्या नौपाड्यातून व्हीएसएनएलचा क्रमांक लावला तर तो शहरातला फोन. डोंबिवलीतून लावायचा तर आधी ०२२ फिरवणे आले. रोज लोकलने मुंबईला जाऊन येणाऱ्या माणसाचा संगणक मात्र मुंबईला परगाव मानी. जवळच्या गावांसाठी शून्याऐवजी ९५ लावण्याची सोय पुढे २००० नंतर आली, तेव्हा हा आकडा ९५२२ असा झाला. दोन स्थानकांमधल्या या अदृश्य सीमेने कल्याण-डोंबिवलीकरांना काटकसर शिकवली, आणि काटकसरीच्या दृष्टीने पाहिले तर चित्रे नसलेला पाइन ही शिक्षा वाटत नाही.

९/
हिशेब साधा आहे. ९,६०० बिटांच्या लाइनवरून सेकंदाला सुमारे ९६० अक्षरे येतात. पडद्यावर ८० स्तंभ आणि २४ ओळी, म्हणजे भरगच्च पान १,९२० अक्षरांचे: दोन सेकंद. जुना २,४०० चा मॉडेम असेल तर आठ सेकंद. याउलट शंभर किलोबाइटचे एकच चित्र, लाइन निर्मळ असली तरी, पावणेदोन मिनिटे खाई. तेवढ्या वेळात पाइनमधून मावशीचे पत्र वाचून तिला उत्तरही लिहायला घेता येई.

१०/
पण त्या पडद्यापर्यंत पोहोचायचे कसे? पहिला अडथळा मॉडेम. मॉडेमला हुकूम द्यायचे ते ‘एटी’ या दोन अक्षरांनी सुरू होणारे. परदेशात बनलेला मॉडेम उचलल्याबरोबर आपल्या ओळखीच्या ‘डायल टोन’ची वाट पाही, आपल्याकडच्या कित्येक एक्स्चेंजचा सूर त्याला ओळखीचा वाटत नसे, आणि तो ‘टोन नाही’ असे सांगून स्वस्थ बसे. उपाय म्हणजे हुकुमात ‘एक्स ३’ घालणे: सुराची वाट पाहू नकोस, आकडे फिरव. एक्स्चेंज जुने असेल तर ‘टी’च्या जागी ‘पी’, म्हणजे सुरांऐवजी टकटक करीत आकडे फिरवणे. ही दोन अक्षरे ठाऊक असलेला मुलगा सोसायटीत तज्ज्ञ गणला जाई, यात नवल नाही.

११/
दुसरा अडथळा पडद्याचा. पाइनला वाटे की समोर ‘व्हीटी-१००’ आहे, म्हणजे डीईसी या अमेरिकन कंपनीने १९७८ मध्ये काढलेले टर्मिनल. घरात ते कोणाकडेच नव्हते. विंडोजमधला टर्मिनल किंवा पुढचा हायपरटर्मिनल, अथवा डॉसवरचा टेलिक्स त्या यंत्राचे सोंग घेई. सोंग नीट वठले नाही, म्हणजे सेटिंगमध्ये दुसरेच टर्मिनल निवडलेले राहिले, की पडद्यावर चौकोनी कंस आणि आकड्यांचा पाऊस पडे. ‘सात बिट आणि समतोल’ की ‘आठ बिट आणि समतोल नाही’ ही निवड चुकली तर निम्मी अक्षरे परग्रहावरची. बॅकस्पेस दाबावे आणि खोडण्याऐवजी टोपी व एच उमटावे, ही तक्रार तर सार्वत्रिक होती. कारण ‘मागचे खोड’ हे सांगायला दोन परंपरांचे दोन वेगळे संकेत होते आणि दोन्ही टोकांनी एकच मानला पाहिजे, याची जबाबदारी कोणावरच नव्हती.

१२/
सर्वांत गमतीची बिघाडकथा कंट्रोल-एसची. ‘सेव्ह’ करायच्या सवयीने कोणी कंट्रोल आणि एस दाबले की सारे गोठे. कळा दाबा, काही उमटत नाही. लाइन गेली असे समजून माणूस फोन ठेवी, पुन्हा लावी, पुन्हा पैसे. प्रत्यक्षात बिघाड काहीच नसे. टेलिप्रिंटरच्या काळापासून कंट्रोल-एसचा अर्थ ‘थांब’ असा होता, आणि कंट्रोल-क्यूचा ‘चल पुढे’. त्या एका कळीने सगळे पुन्हा वाहू लागे. १९९६ च्या डोंबिवलीत एखादा विद्यार्थी कित्येक दशकांपूर्वीच्या कागदी यंत्राशी बोलत होता, एवढाच याचा अर्थ.

१३/
पाइनची स्वतःची मांडणी ‘पाइनआरसी’ नावाच्या एका साध्या मजकूर-फाइलीत असे. नावाच्या आधी टिंब, म्हणून ती सहसा दिसत नसे. त्यात नाव काय लावायचे, पत्त्यातला यजमान कोणता दाखवायचा, पत्र कोणत्या यंत्रामार्फत पाठवायचे, अक्षरसंच कोणता, हे सारे ओळीओळीने लिहिलेले. यजमानाचे नाव रिकामे राहिले तर एखाद्या संस्थेतले आतले यंत्र आपलेच नाव पत्त्यात घाली. जाणारी पत्रे व्यवस्थित जात. उत्तरे मात्र कधीच येत नसत, कारण त्या आतल्या यंत्राचा पत्ता बाहेरच्या जगाला ठाऊकच नसे. लोक रुसत, समोरच्याला विसरभोळा ठरवत. एक ओळ भरली की अबोला संपे.

१४/
लाइन तुटणे हा नित्यक्रम. घरात दुसऱ्या खोलीतला फोन कोणी उचलला, ‘कॉल वेटिंग’चा टुणकन् आवाज आला, पावसात खांबावरच्या पेटीत पाणी शिरले, की पडद्यावर कचरा अक्षरे आणि मग ‘नो कॅरियर’. पुन्हा आत शिरल्यावर पाइन सांगे की पेटी दुसऱ्या कोणीतरी उघडून ठेवली आहे. तो ‘दुसरा’ म्हणजे लाइन तुटली हे अजून न कळलेले, मुंबईत एकटेच राहिलेले आपलेच आधीचे सत्र. नवे सत्र त्याच्याकडून पेटीचे कुलूप मागून घेई. आणि पाइनची खरी माणुसकी इथे दिसे: तुटताना जे पत्र अर्धे लिहून झाले होते ते त्याने जपून ठेवलेले असे, पुन्हा सी दाबले की ‘ते अर्धवट पत्र पुढे लिहायचे का?’ असे विचारी. त्या काळातल्या फार थोड्या प्रोग्रामांना एवढी काळजी होती.

१५/
काटकसरी लोकांनी यावर आपली पद्धत बसवली. पत्र आधी फोन न लावता घरच्या संगणकावर लिहायचे. मग जोडणी करून पाइनचे कोरे पत्र उघडायचे आणि ती फाइल त्यात ओतायची. ओतण्याचा वेग जास्त ठेवला तर मधली अक्षरे गळत, म्हणून प्रत्येक ओळीनंतर किंचित थांबण्याचे सेटिंग शोधावे लागे. आलेली पत्रेही एकामागून एक नुसती पडद्यावरून सरकवायची, पडद्यावरचे सारे एका फाइलीत टिपून ठेवायचे, फोन ठेवायचा आणि मग निवांत वाचायचे. पत्रासोबत फाइल आली असेल तर दुहेरी प्रवास: पाइनमधून ती मुंबईच्या यंत्रावर उतरवायची, आणि तिथून ‘झेडमॉडेम’ या पद्धतीने घरी आणायची. झेडमॉडेमचा गुण असा की मध्येच लाइन तुटली तर पुढच्या वेळी जिथे थांबले तिथून सुरू करता येई.

१६/
पहिल्या महिन्यांत तर लाइन लागणे हीच मोठी गोष्ट होती. मागणीचा अंदाज चुकला, मॉडेम आणि वाहिन्या कमी पडल्या, आणि व्हीएसएनएलचे तेव्हाचे अध्यक्ष ब्रिजेंद्र सिंगल यांनी तो गोंधळ जाहीरपणे मान्यही केला. सरकारी कंपनीच्या प्रमुखाने असे करावे हे त्या काळी विरळाच, म्हणून ते नोंदवायचे.

१७/
आतापर्यंत यंत्रांचे झाले. आता भाषेचे, आणि या कथेतला खरा तोटा इथे आहे. पाइनच्या काळ्या पडद्यावर देवनागरी नव्हती. जुन्या टपालवाहिन्या सात बिटांच्या होत्या. सात बिटांत १२८ चिन्हे बसतात आणि ती सारी इंग्रजीने व्यापलेली. १९९२ मध्ये आलेल्या ‘माइम’ या पद्धतीने इतर लिपी आणि फाइली सात बिटांत गुंडाळून पाठवायची सोय केली, आणि पाइनला माइम उत्तम येई. पण पाकीट उघडल्यावर आतले अक्षर दाखवायचे कोणी? घरच्या सोंगाड्या टर्मिनलला ‘क’ माहीतच नव्हता.

१८/
असे नव्हे की देवनागरीचे काम झालेच नव्हते. भारतीय लिप्यांचा आठ बिटांचा ‘इस्की’ हा संकेत १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून ठरला. पुण्याच्या सी-डॅकचे ‘जिस्ट’ तंत्र, ज्याचा पाया आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे यांच्या कामातून घातला गेला होता, ते तर मजकूर-पडद्यावरही देवनागरी दाखवू शके. त्यासाठी संगणकात वेगळे कार्ड किंवा वेगळे टर्मिनल लागे. ते कार्यालयांत होते. डोंबिवलीच्या हॉलमधल्या टेबलावर नव्हते, आणि अमेरिकेतल्या मुलाच्या प्रयोगशाळेत तर मुळीच नव्हते. पत्राला दोन टोके असतात; एका टोकाची सोय पुरत नाही.

१९/
मग मराठी माणसांनी मराठी रोमन अक्षरांत लिहिली. अविनाश चोपडे यांच्या ‘आयट्रान्स’ने रोमनसाठी काटेकोर पद्धत दिली होती: मोठ्या लिपीतला ए म्हणजे दीर्घ आ, मोठा एल म्हणजे ळ, असे. गाण्यांचे शब्द किंवा स्तोत्रे टंकणारे ती पाळत. घरगुती पत्रांत कोण पाळतो! के-ए-एल ही तीन अक्षरे काल, काळ, कळ आणि कल यांपैकी काहीही असू शकत. एम-ए-एल-ए म्हणजे मला, माला, माळा आणि मळा. संदर्भाने अर्थ लागे, पण ळ, ण आणि दीर्घ-ऱ्हस्व हे त्या पत्रांत उरलेच नाहीत. चार पिढ्या शुद्धलेखनावरून एकमेकांचे कान उपटणाऱ्या समाजाने ते एका दमात सोडून दिले, याची तेव्हा कोणी फारशी दखलही घेतली नाही.

२०/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे दृश्य ओळखीचे वाटायला हवे. मोडी ही हाताच्या वेगाची लिपी. शतकानुशतके दप्तरे तिच्यात चालली. छापखाने आले, खिळे पाडणे देवनागरीत सोपे ठरले, आणि मोडी हळूहळू मागे पडली. तो निर्णय भाषेच्या गुणदोषांवर झाला नव्हता. साधनाने तो करून टाकला. पाइनच्या काळात साधनाने तसाच दुसरा निर्णय केला, आणि मोबाइलवर रोमनमध्ये मराठी टंकण्याची आजची सवय त्याच पिढीच्या बोटांतून पुढे आली आहे.

२१/
अस्त लवकर झाला. हॉटमेल १९९६ मध्ये सुरू झाले. ब्राउझर उघडा, पत्र वाचा, सेटिंग काही नाही. १९९८ च्या नोव्हेंबरात खासगी कंपन्यांना इंटरनेट पुरवण्याची परवानगी मिळाली, दर घसरले, सायबर कॅफे निघाले. बीएसएनएलची ‘संचारनेट’ सेवा आल्यावर कल्याण-डोंबिवलीला मुंबईचा संकेतांक फिरवण्याचे कारण राहिले नाही. २००२ मध्ये व्हीएसएनएलमधील सरकारी हिश्श्याचा एक भाग आणि कारभार टाटा समूहाकडे गेला. २००८ मध्ये कंपनीचे नावही बदलले. शेल खात्यांची आठवण त्याआधीच पुसट झाली होती.

२२/
पाइनचा वारस ‘अल्पाइन’. त्याची १.० आवृत्ती २००७ च्या अखेरीस आली आणि तिने युनिकोड पूर्णपणे स्वीकारले. म्हणजे काळ्या पडद्यावर देवनागरी पत्र वाचणे शक्य झाले, तेव्हा काळ्या पडद्यासमोर बसणारे जवळपास उरले नव्हते. आजही टर्मिनलमध्ये एक जुनी खोड शिल्लक आहे: तो प्रत्येक चिन्हाला एक चौकट देऊ पाहतो. जोडाक्षरे आणि काने-मात्रे चौकटींत बसत नाहीत, आणि ‘प्रार्थना’ लिहिली तर कर्सर भलत्याच ठिकाणी जाऊन उभा राहतो.

२३/
आणि ती पत्रे? पाइन दर महिन्याच्या पहिल्या प्रवेशाला एक प्रश्न विचारी: पाठवलेल्या पत्रांची फाइल गेल्या महिन्याच्या नावाने बाजूला ठेवू का? त्यामागोमाग दुसरा: जुन्या महिन्यांच्या फाइली काढून टाकू का? सर्व्हरवर प्रत्येकाला थोडी जागा. ती भरली की नवी पत्रे परत जाऊ लागत. उत्तर बहुतेक वेळा ‘हो’ असेच द्यावे लागे. पुण्याच्या पेशवे दप्तरात अठराव्या शतकातले हजारो रुमाल आहेत. त्यातल्या एखाद्या कारकुनाने मागवलेल्या तुपाचा हिशेबही वाचता येतो. १९९७ मध्ये ठाण्यातल्या आईने न्यू जर्सीतल्या मुलाला काय लिहिले, हे वाचण्याची तशी सोय नाही. महिन्याच्या पहिल्या तारखेला दाबलेल्या ‘वाय’ने ते गेले.

२४/
तरी काही वाचले असणार. टिपून ठेवलेल्या फाइली साडेतीन इंची फ्लॉपीत जात, आणि १.४४ मेगाबाइटच्या एका फ्लॉपीत दोन-दोन हजार अक्षरांची सातशेच्या आसपास पत्रे मावत. अशी फ्लॉपी माळ्यावरच्या डब्यात सापडली, आणि चुंबकीय थर शाबूत असला, तर ती वाचायला पाइनही लागत नाही. पत्रे एकापुढे एक, साध्या मजकुरात; प्रत्येकाचा आरंभ इंग्रजी ‘फ्रॉम’ आणि एका मोकळ्या जागेने होतो. कोणत्याही संपादकात उघडतात.

२५/
पण मजकुरावर उडी मारण्याआधी माथ्यावरच्या ओळी वाचाव्यात, जशी मोडी पत्राची मुद्रा आणि मोर्तब आधी पाहतात. ‘रिसीव्हड’ने सुरू होणाऱ्या ओळी खालून वर वाचायच्या, कारण वाटेतले प्रत्येक यंत्र आपला शिक्का सर्वांत वर मारते. तारखेच्या शेवटी अधिक ०५३० असेल तर ज्या यंत्रावर ते लिहिले गेले त्याचे घड्याळ भारताचे. उणे ०८०० असेल तर अमेरिकेचा पश्चिम किनारा. आणि पत्राच्या ओळखक्रमांकात पहिला शब्द ‘पाइन’ असतो, मग यंत्रप्रणालीचे त्रोटक नाव, मग आवृत्ती, आणि मग सलग आकडे: वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद. पत्र लिहिणाऱ्याने तारीख घातली नसली तरी तो क्षण तिथे नोंदलेला असतो.